चौथ्या ठिकाणचं पाणी

दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन आला, "आफ्रिकेतले अनुभव लिहा. सिंहबिंह असले तर जरूर घाला." सिंह मी एकच पाहिला, तो कंपनीच्या कॅलेंडरवर. तांब्याच्या खाणीवर सहा वर्षं काढली आणि तेवढ्या काळात मला चावलेला सगळ्यात मोठा प्राणी म्हणजे डास. शिकारीच्या गोष्टी हव्या असतील त्यांनी सरळ पुढच्या लेखाकडे वळावं. मी तिथं पाण्याच्या बाटल्या भरत होतो आणि त्याचंच सांगणार आहे.

देशाचं आणि कंपनीचं नाव लिहीत नाही. वकीलबाईंनी, त्या पुढं येतीलच, तसं बजावलं आहे. एवढं सांगतो की खाण आफ्रिकेत, मालक तिसऱ्याच एका थंड मुलखातले आणि पाणी तपासणारा मी, सांगली जिल्ह्यातल्या पलूसचा. पाणी ठीक आहे की नाही हे ज्या कागदावर ठरायचं, त्या कागदावर सही माझी असे.

मी मूळचा साखर कारखान्याच्या लॅबमधला माणूस. रसायनशास्त्रात बी.एस्सी. झालो आणि गळीत हंगामात पांढरा कोट घालून उसाचा रस तपासू लागलो. कारखान्यात रसात चुना घालतात, गंधकाचा धूर सोडतात, मग गाळ खाली बसतो आणि रस निवळतो. आमचा कारखाना लागोपाठ दोन हंगाम बंद राहिला तेव्हा मी परदेशातल्या नोकरीची जाहिरात पाहून अर्ज केला. मुलाखतीत विचारलं, खाणीचा अनुभव काय? मी म्हणालो, शून्य. पण तुमच्याकडे दगडातून तांबं काढायला गंधकाचं आम्ल वापरतात आणि ते आम्ल मारायला चुना. चुना आणि गंधक, दोन्हींशी माझी वीस वर्षांची ओळख आहे. त्यांनी मला घेतलं.

बाहेरच्या माणसाला वाटतं, पाणी तपासणं म्हणजे यंत्रांचं काम. यंत्र काय, कुणीही शिकतं. खरं काम बाटलीचं. जिथलं पाणी घ्यायचं, तिथल्याच पाण्यानं बाटली तीनदा विसळायची, काठोकाठ भरायची, बूच लावायचं आणि लेबलवर तारीख, वेळ, ठिकाण लिहायचं. यातलं ठिकाण सगळ्यात महत्त्वाचं, कारण बाटली कुठं बुडवली होती हे जगातलं कुठलंच यंत्र सांगू शकत नाही. ते फक्त बुडवणाऱ्याला ठाऊक असतं.

ही गोष्ट मला कारखान्यानंच शिकवली. मळीचं पाणी नाल्यातून नदीला जायचं, त्यामुळे वर्षातून एकदोनदा सरकारी तपासणीस येत. साहेबांना आधी चहा, मग गेस्ट हाऊसवर जेवण आणि भर दुपारी नदी. नाला नदीला मिळतो त्याच्या वरच्या अंगाला एक वडाचं झाड होतं. साहेबांना सावली बरी म्हणून आम्ही त्यांना त्या वडाखाली नेत असू. तिथं पाणी नितळ. लेबलवर मात्र लिहायचं, 'नाल्याच्या खालच्या बाजूस'. साहेब सही करत आणि गाडीत काकवीचा डबा ठेवून आम्ही त्यांना निरोप देत असू. यात कुणाला काही वावगं वाटत नसे. मलाही नाही.

आमच्या चीफ केमिस्टचा आणखी एक नियम होता. पक्क्या रजिस्टरात काय लिहायचं ते ऑफिस ठरवील, पण कच्च्या वहीत जे निघालं तेच लिहायचं. "न्हाईतर उद्या प्लँट बिघडला, तर आपलं आपल्यालाच कळायचं न्हाई की आपण कुटं हाय," असं ते म्हणत. हा सचोटीचा भाग नव्हता, सोयीचा होता. पण सवय लागली ती लागलीच. मी जिथं गेलो तिथं माझी कच्ची वही माझ्याबरोबर गेली.

खाणीवर पाणी तपासायची पाच ठिकाणं ठरलेली होती. तुम्हाला दोनच लक्षात ठेवावी लागतील. दुसरं ठिकाण खाणीच्या तांबं काढायच्या कारखान्याच्या वर, ओढा जिथून स्वच्छ येतो तिथं. चौथं ठिकाण कारखान्याच्या खाली. आमचा सांडपाण्याचा पाइप मध्येच कुठंतरी ओढ्यात उतरायचा आणि चौथ्या ठिकाणाला लागून गाव होतं. गाव तेच पाणी प्यायचं. पूर्वी लोक वरच्या अंगाचं पाणी आणत, पण कंपनीनं जाळीचं कुंपण घातलं आणि वरचा ओढा कुंपणाच्या आत गेला.

कुंपणावर पहारा होता आणि पहाऱ्याचे प्रमुख होते म्हसवडचे एक निवृत्त सुभेदार. मला पहिल्यांदा बघितलं तेव्हा त्यांनी कडक सॅल्यूट ठोकला, मग माझं गाव कळल्यावर हात खाली घेऊन म्हणाले, "आवं, मग पाव्हणंच की तुमी!" त्या दिवसापासून माझी भाकरीची सोय झाली. ज्वारी मिळायची नाही, पण मक्याच्या पिठाची भाकरी सुभेदार अशी थापायचे की मी घरी पत्रात तसं लिहिलं आणि बायकोचं उत्तर बरेच दिवस आलं नाही.

तिसऱ्या महिन्यात चौथ्या ठिकाणचं पाणी लिंबाच्या सरबताइतकं आंबट निघालं. ओढ्यातल्या दगडांवर निळसर हिरवी साय धरली होती. मी पुन्हा तपासलं, पुन्हा तेच. आम्ल मारायला चुना कमी पडत होता, कारण चुना दुसऱ्या देशातून यायचा आणि त्या महिन्यात आला नव्हता. मी अहवाल घेऊन मॅनेजरकडे गेलो. मॅनेजर उत्तर भारतातले, सज्जन माणूस. कधी आवाज चढवला नाही. त्यांनी कागद वाचला, चष्मा काढला आणि विचारलं, "चौथ्या ठिकाणी जायचा रस्ता खराब आहे ना?"

मी म्हणालो, "नाही, चांगला आहे."

"पावसाळ्यात खराब होत असेल. तुम्हाला त्रास होतो. चौथ्याचं पाणी जरा वरच्या बाजूला घेतलं तर..."

त्यांना वाक्य पुरं करावं लागलं नाही. पुढचं मला पलूसलाच शिकवलेलं होतं. त्या आठवड्यापासून चौथ्या ठिकाणची बाटली मी दुसऱ्या ठिकाणी भरू लागलो, कुंपणाच्या आत, नितळ पाण्यात. लेबलवर 'चार' लिहायचो, पक्क्या रजिस्टरात सही करायचो. मग खऱ्या चौथ्या ठिकाणी जाऊन दुसरी बाटली भरायचो, तपासायचो आणि कच्च्या वहीत मराठीतून टिपून ठेवायचो. पाऊस संपला, चुना आला, पण तोवर सगळ्यांना सवय झाली होती. चुना वाचवता येतो हे एकदा कळलं की कारखाना तो वाचवतोच, मग तो साखरेचा असो की तांब्याचा.

मधूनमधून थंड मुलखातून पाहुणे येत. कामगारांचे आणि गावकऱ्यांचे हक्क नीट पाळले जातात की नाही हे पाहायला ते येत. तोंडाला पांढरं मलम फासलेलं, डोक्यावर मोठाल्या टोप्या. त्यांच्या कागदावर मला एक प्रश्न असायचा : 'तुमची शंका मोकळेपणानं मांडता येते का?' उत्तराला पाच तोंडं काढलेली असत, रडक्यापासून हसऱ्यापर्यंत. मॅनेजर शेजारीच बसलेले असत, म्हणून मी सगळ्यात हसऱ्या तोंडावर खूण करायचो. गेटवर गावासाठी तक्रारपेटी होती. तिची किल्ली कुणाकडे आहे हे सहा वर्षांत मला कळलं नाही.

आता चंदामावशींबद्दल. चंदा हे तिकडचंच नाव; त्या गावातल्या शाळेच्या निवृत्त शिक्षिका. तिकडे वयानं मोठ्या बाईला 'मामा' म्हणतात. सुभेदारांच्या जिभेला बाईला मामा म्हणणं पेलवेना, त्यांनी पहिल्या भेटीतच 'मावशी' करून टाकलं आणि त्यांचं बघून मीही. मावशी इंग्रजी उत्तम बोलत. दर महिन्याला त्या गेटवर येऊन लेखी तक्रार देत : पोरांच्या पायांना फोड आलेत, भाजीचे वाफे जळाले, दोन गाई दगावल्या, पाणी तपासा. आणि दर महिन्याला कंपनीचं उत्तर जाई की पाणी नियमित तपासलं जातं आणि ते ठीक आहे. सोबत माझ्या रजिस्टरच्या पानाची प्रत. खाली माझी सही.

एके दिवशी सकाळी मावशी कुंपणाखालून सरकून आत आल्या आणि वरच्या ओढ्यावर घागर भरताना सापडल्या. पहारेकऱ्यांनी त्यांना धरलं, घागर जप्त केली आणि दिवसभर गेटवरच्या पत्र्याच्या खोलीत बसवून ठेवलं. खाजगी हद्दीत घुसखोरी. मी बाटल्या घेऊन तिथून गेलो तेव्हा त्या बाकावर ताठ बसल्या होत्या. मी त्याच ओढ्यावरून येत होतो. माझ्या हातात त्याच पाण्याची बाटली होती आणि तिच्यावर त्यांच्या गावच्या पाण्याचं लेबल होतं.

सुभेदार बाहेर उभे होते. "आर्डर हाय, साहेब," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "आईच्या वयाची बाई हाय. मला लय वंगाळ वाटतंय. पर आर्डर हाय."

त्यांनी मावशींना स्वतःच्या डब्यातली भाकरी दिली. त्यांनी ती घेतली नाही. पुढच्या आठवड्यात ओढ्याजवळची जाळी माणूस वाकून जाईल इतकी फाटली. सुभेदारांनी नोंदवहीत लिहिलं, 'रानडुकरांनी जाळी तोडली.' जाळी दुरुस्त झाली की डुकरं पुन्हा यायची. मॅनेजरनी एकदा विचारलं, डुकरं नेमकी तिथंच कशी येतात? "पानी पीने आती हैं, सर," सुभेदार म्हणाले. पण तेवढ्या भोकातून अख्खं गाव पाणी आणू शकत नव्हतं. धडधाकट चार बाया यायच्या, बाकीचे खालचंच प्यायचे.

घागर गेटवर तशीच पडून होती. ती परत द्यायला कुणीतरी जायला हवं होतं, म्हणून मी गेलो. खरं सांगायचं तर मला बरं वाटून घ्यायचं होतं. रणरणत्या उन्हात दोन मैल चालत गेलो. मावशींनी घागर घेतली, मला झाडाखाली बसवलं, आत गेल्या आणि पत्र्याच्या मगमधून पाणी घेऊन आल्या.

आपल्याकडे आल्यागेल्याला आधी पाण्याचा तांब्या देतात. शत्रू आला तरी देतात आणि तो पितो. पाणी नाकारणं म्हणजे त्या घराचं तोंड न बघण्यासारखं. हे मला लहानपणापासून ठाऊक आहे आणि त्यांच्याकडेही तसंच असणार, हे त्यांच्या मग धरण्यावरून कळत होतं. पण त्या सकाळी मी चौथ्या ठिकाणचं पाणी तपासून आलो होतो.

"तहान नाही," मी म्हणालो.

"इतक्या उन्हातून चालत आलात."

"वाटेत प्यायलो."

 मग ते पाणी त्यांनी जमिनीवर ओतलं. "मी शाळेत पोरांना सांगायचे, उत्तर येत असेल तर हात वर करा," त्या म्हणाल्या. "काही पोरांना उत्तर येतं, पण ती हात वर करत नाहीत. मला ती बरोबर ओळखू येतात."

मी उठलो आणि आलो. परत येताना माझ्या घशाला कोरड पडली होती. आयुष्यात इतकी शरम मला कधी वाटली नव्हती. तरी पुढच्या आठवड्यात मी बाटली दुसऱ्याच ठिकाणी भरली. करार संपायला दीड वर्ष होतं.

करार संपला. निघताना गेटवर पहारेकऱ्यानं बॅग उघडली आणि कच्च्या वह्या चाळल्या. मराठी अक्षरं बघून त्यानं विचारलं, "प्रार्थना?" मी हो म्हणालो. त्यानं वह्या आदरानं परत ठेवल्या.

पलूसला येऊन मी शेती बघू लागलो. गावात मान होता. विहिरीचं, बोअरचं पाणी लोक माझ्याकडून फुकट तपासून घेत. शाळेत मला विज्ञान दिनाला बोलवत. मी 'प्रामाणिक निरीक्षण' या विषयावर बोलायचो आणि मुलं टाळ्या वाजवायची. सात-आठ वर्षं अशी गेली.

मग एक दिवस दारात टॅक्सी थांबली आणि वकीलबाई उतरल्या. थंड मुलखातल्याच होत्या, पण गावाच्या बाजूनं लढणाऱ्या. कंपनीच्या मालकांवर त्यांच्याच देशातल्या कोर्टात गावानं दावा लावला होता. कंपनीचं म्हणणं एकच होतं : पाणी ठीक होतं, हे बघा रजिस्टर. मी विचारलं, माझ्यापर्यंत कशा पोहोचलात? रजिस्टरात नाव होतंच, पण त्या नुसत्या सहीसाठी आल्या नव्हत्या. त्यांनी चंदामावशींच्या जबानीतली एक ओळ वाचून दाखवली : 'कंपनीचा भारतीय केमिस्ट उन्हातून चालत माझ्या घरी आला आणि त्यानं पाणी प्यायलं नाही. त्याला माहीत होतं.'

माझी बायको शोभा पाण्याचा तांब्या घेऊन आली. वकीलबाईंनी एका दमात भांडं रिकामं केलं आणि आणखी मागितलं. मी त्यांच्याकडे बघत बसलो.

"तुमच्याकडे काही टिपणं आहेत का?" त्यांनी विचारलं. "नसतील, तर त्या बाईंच्या शब्दाला तुमच्या सहीपुढं किंमत नाही."

"होती," मी म्हणालो. "सापडत नाहीत."

त्या पत्ता देऊन मुक्कामाला सांगलीला गेल्या. टॅक्सी वळली तशी शोभा म्हणाली, "आवं, वह्या दिवाणात हायत की. मीच ठिवल्यात."

"मला ठाऊक हाय."

"मग?"

मग काय ते मी तिला सगळं सांगितलं. जाळी, घागर, पाण्याचा तो पत्र्याचा मग. सहा वर्षांच्या पत्रांतून आणि इतक्या वर्षांच्या संसारात मी तिला यातलं काही सांगितलं नव्हतं. वह्या दिल्या तर मी खोटं लिहीत होतो हे माझ्याच अक्षरात सिद्ध होणार. गावात तोंड कुठं दाखवू? शाळेत काय सांगू?

तिनं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "त्या बाईनं तुमास्नी पानी दिलं तवा तिला ठावं हुतं व्हय, ते कसलं हाय?"

"व्हय. तक्रारी तीच करत हुती."

"आन् घरात दुसरं न्हवतंच?"

"न्हवतं."

"म्हंजी जे हुतं ते दिलं बिचारीनं," ती म्हणाली आणि उठून दिवाणातल्या गोधड्या बाहेर काढू लागली. मीही उठलो आणि दिवाणाची फळी धरली. सकाळच्या एस.टी.नं वह्या घेऊन आम्ही दोघं सांगलीला गेलो.

साक्ष व्हिडिओवरून झाली, सांगलीतल्या एका वकिलाच्या ऑफिसात. पडद्यावर न्यायाधीश, दोन्हीकडचे वकील, दुभाषी, आणि एका चौकटीत गावच्या शाळेत बाकावर बसलेली माणसं. पुढच्या बाकावर चंदामावशी. म्हाताऱ्या झाल्या होत्या, पण तशाच ताठ. कारकुनानं शपथेसाठी हात वर करायला सांगितलं. मी केला. मावशी पडद्यातून माझ्या हाताकडे बघत होत्या.

कंपनीचे वकील अत्यंत विनयशील होते. त्यांनी विचारलं, "ही वही फक्त तुम्हालाच वाचता येते, खरं ना?"

"आमच्या तालुक्यात बरेच जण वाचतात, साहेब."

"रजिस्टरवरची सही तुमची. ते खोटं, असं तुम्ही म्हणता. मग वही खरी कशावरून?"

"रजिस्टर दुसऱ्यांनी वाचण्यासाठी होतं. वही कुणी वाचणारच नव्हतं. तिथं खोटं लिहून मी कुणाला फसवणार?"

"असं नमुन्याचं ठिकाण बदलायला तुम्हाला मॅनेजरनी शिकवलं?"

"नाही. ते मी येतानाच शिकून आलो होतो."

"कुठून?"

"घरून," मी म्हणालो. दुभाष्यानं ते दोनदा विचारून खात्री करून घेतली.

"आणि गावकऱ्यांना तुम्ही कधी सांगितलंत?"

"नाही. त्या पुढच्या बाकावरच्या बाईंनी एकदा विचारलं होतं. मी तहान नाही म्हणालो. तेव्हा मला तहान लागली होती."

बातमी इथल्या पेपरात चार ओळींची आली. दुसऱ्या दिवशी आमच्या जुन्या कारखान्यातून फोन. "आवं, तुमी 'घरून' म्हणालासा ते ठीक हाय, पर आपलं नाव न्हाई न्हवं घेतलं?" मी म्हणालो, कुणी विचारलंच नाही. आणि ते खरं आहे. त्या वडाखाली भरलेल्या बाटल्यांबद्दल मला अजून कुठल्याच कोर्टानं विचारलेलं नाही. आमच्या नदीचा मालक परदेशात राहत नाही, त्यामुळे वकीलबाई यायची शक्यता नाही. म्हणून ते इथं मीच लिहून टाकलं. शाळेनं यंदा विज्ञान दिनाला दुसऱ्या कुणाला तरी बोलावलं.

दाव्यात तडजोड झाली. कंपनीनं कुठलीही चूक मान्य न करता गावाला भरपाई दिली, कुंपण मागे घेतलं आणि गावात हापसे बसवले. चूक नव्हती तर हापसे कशाला, असं मी सुभेदारांना फोनवर विचारलं. "डुकरांसाठी असत्याल," ते म्हसवडहून म्हणाले.

गेल्या महिन्यात वकीलबाई पुन्हा आल्या. बॅगेतून कपड्यांत गुंडाळलेली एक बाटली काढून त्यांनी माझ्यापुढे ठेवली. चंदामावशींनी पाठवली होती. आत गावातल्या नव्या हापशाचं पाणी. बाटलीवर शाळेच्या वहीचा कागद चिकटवलेला आणि त्यावर शिक्षिकेच्या गोल अक्षरात तारीख आणि वेळ. ठिकाणाची जागा कोरी ठेवली होती.

मी बाटली उजेडाला धरली. बूच काढून वास घेतला. माझा हात तपासायच्या पट्ट्यांच्या डबीकडे गेला होता, तो मागे घेतला आणि तसंच प्यायलो. शोभा दारात उभी होती. "कसं हाय?" तिनं विचारलं. "जड हाय जरा, पर ग्वाड हाय," मी म्हणालो.

अर्धी बाटली ठेवली. नमुना राखून ठेवायची सवय जात नाही. पेन घेतलं आणि मावशींनी सोडलेल्या जागेत लिहिलं : ठिकाण – चार. खाली सही केली.